तिसरी नळी

खतीब सरांनी फळ्यावर तीन नळ्या काढल्या.
पहिलीत भाकरीचा लगदा आणि थुंकी,
दुसरीत लगदा आणि उकळलेली थुंकी,
तिसरीत लगदा आणि नुसतं पाणी.
थुंकायला सगळा वर्ग लाजला.
शेवटी सरच थुंकले चंचुपात्रात
आणि म्हणाले, लिहा : निरीक्षण.

त्या शनिवारी भूमला घरी आले
खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत आयोडीन घेऊन
(सरांना विचारून आणलेलं, हे आधीच सांगते).
अक्का परातीत ज्वारी मळत होती.
म्हटलं, घास गिळू नको, चावत राहा.
चावला.
'गोड लागतो. त्यात काय नवं?
शेरडं राखणाऱ्या पोराला बी म्हाईत हाय.'

मग मी तिला अमायलेज सांगितलं.
पिठाची लांबच लांब साखळी, कडी कडी सुटणारी,
साखळीचं वेटोळं,
वेटोळ्यात आयोडीन जाऊन बसतो म्हणून निळं,
वेटोळं तुटलं की त्याला बसायला जागा नाही.
ती थापत राहिली.
'मंग तव्यावर भाकर फुगती तवा आत कोण बसतं?'
वाफ, म्हटलं.
'हां. ते कळतंय.'

तिसऱ्या नळीपाशी मात्र अडली.
'नुस्त्या पाण्याची कामून?'
तिला काही करायचं नसतं, मी म्हटलं,
तशीच ठेवायची,
तिच्याकडं बघून बाकीच्यांचं काय झालं ते कळतं.
अक्का हसली.
'म्हंजी मी.'

दहावीला तिला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते.
दादा म्हणाले, एकीचंच भागेल.
ती खव्याच्या भट्टीवर बसली,
मी कळंबच्या एसटीत.

रात्री वहीच्या मागच्या पानावर मांडून पाहिलं :
आई तीच, बाप तोच, ताटातलं तेच.
बदललेली गोष्ट एक.
पण सर म्हणतात, एकेका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये,
एका शेंगेतल्या दोन दाण्यांतसुद्धा फरक असतो.
काढला नाही.
वही मिटली, आणि पहाटेपर्यंत
पत्र्यावर मांजर चालत होतं ते ऐकत पडले.

उठले तर ओसरीत चार वाट्या.
अक्काच्या अंगठ्यावर निळा डाग,
खळ दिलेल्या साडीच्या पदरावर दुसरा.
'साडी बी पिठाचीच निघाली बघ.'
मग तिनं सांगितलं ते घरात कुणालाच माहीत नव्हतं :
आबनाव्यानं किलोमागं चाळीस रुपये कापले होते,
म्हणे, तुमच्या खव्यात पीठ आहे.

पहिल्या वाटीत आमचा खवा. पिवळसर, तसाच.
बघ की, मी ओरडले, नाहीये पीठ!
'थांब. बाटलीतलं औषधच मेलं असंल तर?'
म्हणून दुसरी वाटी :
आमचाच खवा, वर चिमूटभर ज्वारीचं पीठ.
शाईसारखी निळी.
तिसरीत आबनाव्याच्या दुकानातला, काल पोराकरवी आणलेला.
तीही निळी, थोडी फिकी.
चौथीत बोअरचं नुसतं पाणी,
'न्हाई तर म्हणंल, भूमच्या पाण्याचाच गुण.'

तेवढंच पाणी, तेवढेच थेंब, मोजून पाच.
उकळून गार केल्याशिवाय थेंब टाकला नव्हता.
निळा रंग गरम असताना टिकत नाही,
हे मी तिला सांगायला विसरले होते.
दुसरी वाटी तिनं आधी गरमच बघितली,
काहीच दिसेना,
मग वाट बघत बसली, म्हणाली,
आणि निवता निवता निळं चढताना पाहिलं.

मी वही काढली. लिहा, निरीक्षण.
'तू लिही. मला आठ वाजता भट्टी हाय,
त्याच्या आदी दुकान उघडतंय.'

आबनावे काय म्हणाला ते नंतरचं.
बाजारपेठेकडं निघालो तेव्हा
ताटातल्या तीन वाट्या तिनं माझ्याकडं दिल्या.
पाण्याची वाटी
स्वतःच्या दोन्ही हातांत धरली,
आणि सगळ्या रस्त्यानं
एक थेंब सांडू दिला नाही.